सही करण्याआधी ते वाक्य मोठ्याने वाचा : जे-१ व्हिसावर अमेरिकेला निघालेल्या मराठी डॉक्टरांना खुले पत्र

प्रिय डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

मार्चमध्ये मॅचचा, म्हणजे अमेरिकेत कुठल्या रुग्णालयात रेसिडेन्सी (पदव्युत्तर प्रशिक्षण) मिळाली याचा निकाल लागतो, घरी पेढे येतात आणि दुसऱ्याच दिवसापासून कागदांची पळापळ सुरू होते. १ जुलैच्या सुमारास रुजू व्हायचं असतं आणि हातात जेमतेम तीन महिने असतात. या गडबडीत एक कागद असा येतो की त्यावर सही करताना कुणी थांबत नाही. मीही थांबले नव्हते. त्या कागदाबद्दल तुम्हाला लिहायचं आहे.

२०१३ ची गोष्ट. अंबाजोगाईला कोर्टाच्या आवारातून बाबा स्टॅम्प पेपर घेऊन आले. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. न वाचता सही करणं त्यांच्या स्वभावात नाही. टाइप करून आणलेला मजकूर त्यांनी नोटरीच्या टेबलाशी उभं राहून वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मला विचारलं, "यात लिहिलंय की शिक्षण संपलं की तू भारतात परत येशील. मग येणार ना?" मागे माणसं खोळंबली होती. मी म्हणाले, "बाबा, हे सगळेच लिहून देतात. फॉर्मॅलिटी असते." त्यावर ते काही बोलले नाहीत. साक्षीदाराच्या जागी सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

ती फॉर्मॅलिटी नव्हती. ते मला कळायला तीन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत.

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात कलम २१२(ई) आहे. आपण बोलताना त्याला 'दोन वर्षांचा नियम' म्हणतो. जे-१ व्हिसावर आलेल्यांपैकी काहींना तो लागतो : ज्यांचा खर्च सरकारने केला ते, ज्यांचा विषय कौशल्य यादीत, म्हणजे त्यांच्या देशाला कोणत्या कौशल्यांची गरज आहे याच्या अमेरिकेने केलेल्या यादीत आहे ते, आणि जे डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घ्यायला आले ते. पहिल्या दोघांत कोणाला लागतो, कोणाला नाही, हे बघावं लागतं. रेसिडेन्सी किंवा फेलोशिप (त्यापुढचं विशेष प्रशिक्षण) करायला जे-१ वर आलेल्या डॉक्टरला मात्र तो लागतोच. प्रशिक्षण संपल्यावर मायदेशी जाऊन एकूण दोन वर्षं राहायचं. तोपर्यंत एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळत नाही, कंपनीतल्या बदलीचा एल नाही, लग्नासाठीचा के नाही, कायम राहण्याचं ग्रीन कार्डही नाही. ही दोन वर्षं सलग नसली तरी चालतात, तुकड्यातुकड्याने मोजली जातात. पण ती मायदेशातच काढावी लागतात. दुबईत किंवा लंडनमध्ये काढलेला एकही दिवस त्यात धरत नाहीत.

या अटीमागे एक विचार आहे आणि तो मला आजही चुकीचा वाटत नाही. जे-१ हा देवाणघेवाणीचा व्हिसा. माणूस शिकायला येईल आणि शिकलेलं घरी घेऊन जाईल, या समजुतीवर तो उभा आहे. परत जाण्याची अट १९५६ च्या कायद्याने आली, १९६१ च्या कायद्याने देवाणघेवाणीचा सगळा कार्यक्रम नव्याने बांधला गेला आणि १९७६ मध्ये परदेशी डॉक्टरांसाठीचे नियम आणखी कडक झाले. आज आपल्याला जे-१ साठी ईसीएफएमजी या परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेची प्रायोजकता लागते आणि तिच्यासाठी आपल्या आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' लागतं. ते पत्र नीट वाचा. भारताला या शाखेतल्या प्रशिक्षित डॉक्टरांची गरज आहे आणि या डॉक्टरने परत येण्याची लेखी हमी सरकारला दिलेली आहे, असं त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे आपण आपल्या देशाला शब्द देतो आणि देश तोच शब्द आपल्या वतीने अमेरिकेला देतो. मी 'फॉर्मॅलिटी' म्हणाले होते ती हीच.

आता सीनियर मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे फिरतं त्याबद्दल.

"नोरी काढ, काम होईल." नोरी म्हणजे भारतात परतण्याचं बंधन नसल्याचं आपल्या सरकारचं प्रमाणपत्र. संशोधक, प्राध्यापक यांच्यासाठी तो मार्ग होता आणि कित्येकांनी मंत्रालयापासून पासपोर्ट कार्यालयापर्यंत हेलपाटे घालून तो पार केला. पण रेसिडेन्सी करायला आलेल्या डॉक्टरला मायदेशाच्या ना-हरकतीवर सूट मिळत नाही, हे अमेरिकेच्याच कायद्यात आहे. शिवाय आपल्या आरोग्य मंत्रालयाने डॉक्टरांना नोरी देणं २०११ मध्येच बंद केलं. त्यामुळे या रस्त्यावर वेळ घालवू नका.

"भारत आता यादीतून निघालाय, नियम संपला." अर्धं खरं आहे. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कौशल्य यादीत भारत नाही, आणि केवळ त्या यादीमुळे अडकलेले आपले हजारो संशोधक एका दिवसात मोकळे झाले, आधी आलेलेसुद्धा. माझ्या चुलत भावाने त्या रात्री मला फोन केला, तो रडत होता. पण तुम्ही त्या यादीमुळे बांधलेले नाही. तुम्ही डॉक्टर म्हणून बांधलेले आहात आणि ते कारण जसंच्या तसं आहे.

"सिटिझनशी लग्न केलं की सुटतं." नाही. "मूल इथे जन्मलं की सुटतं." तेही नाही. पती, पत्नी किंवा मूल अमेरिकन नागरिक वा ग्रीन कार्डधारक असेल, तर त्यांना होणाऱ्या असाधारण त्रासाच्या आधारावर अर्ज करता येतो, हे खरं. पण ते दोन्ही बाजूंनी सिद्ध करावं लागतं : ते तुमच्याबरोबर भारतात आले तरी, आणि तुमच्याविना इथे राहिले तरी. ताटातुटीचं दुःख कुणालाही होणारच. तेवढं पुरत नाही. ज्यांच्या लेकराला खरोखर मोठं आजारपण आहे अशी कुटुंबं या दारातून जातात आणि ती वेळ मी कुणावर येऊ नये म्हणते. वंश, धर्म किंवा राजकीय मत यामुळे मायदेशी छळ होईल हा आणखी एक आधार. तो बहुतेकांच्या बाबतीत लागू नसतो.

तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी उरतो तो सेवेचा मार्ग. डॉक्टर नसलेल्या भागात काम करा, त्या बदल्यात दोन वर्षांची अट माफ. त्यातला सगळ्यात मोठा दरवाजा म्हणजे कॉनराड ३०. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांनी हा कार्यक्रम १९९४ मध्ये आणला, म्हणून त्यांचं नाव. आधी प्रत्येक राज्याला वर्षाला २० जागा होत्या, नंतर ३० झाल्या. डॉक्टरांची टंचाई म्हणून सरकारने जाहीर केलेल्या भागात तीन वर्षं, आठवड्याला किमान ४० तास, आणि सूट मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत रुजू. तीसपैकी दहा जागा टंचाईच्या भागाबाहेरच्या पण तिथल्या रुग्णांना बघणाऱ्या दवाखान्यांना देता येतात. याशिवाय माजी सैनिकांची व्हेटरन्स रुग्णालयं, केंद्राचं आरोग्य खातं, अॅपलेशियन आणि डेल्टा भागांसाठीची प्राधिकरणं यांच्या शिफारशीनेही सूट मिळते आणि तिथे तीसची मर्यादा नाही.

कागद असा फिरतो : आधी नोकरीचा करार, मग राज्याच्या आरोग्य खात्याची शिफारस, मग परराष्ट्र खात्याचा वेव्हर (म्हणजे सूट) विभाग, मग इमिग्रेशन खात्याची मंजुरी, आणि ती आली की एच-१बी. परराष्ट्र खात्याच्या अर्जाची फी १२० डॉलर आहे, वकिलाची हजारांत जाते. बहुतेक राज्यांची खिडकी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघडते आणि जिथे जायला सगळ्यांना आवडतं तिथल्या जागा लवकर संपतात. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात नोकरी शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो. दुसऱ्या वर्षातच सुरुवात करा. आणि फेलोशिप करायची असेल तर आधी ती करा. अट माफ करण्याची शिफारस एकदा झाली की जे-१ पुढे वाढवता येत नाही. माझ्या बॅचच्या एकाने हे उलटं केलं आणि कार्डिओलॉजीचं स्वप्न सोडून दिलं.

मी पश्चिम कॅन्ससला गेले. अंतर्गत वैद्यकशास्त्राची रेसिडेन्सी मिशिगनमध्ये झाली होती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सामान गाडीत भरून आम्ही दोघं निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे पीक दिसलं ते बघून मी गाडी थांबवायला लावली. ज्वारी! आपल्यासारखी डोक्याच्या वर गेलेली नाही, कमरेपर्यंत आलेली, कणसं तांबूस आणि गच्च. पण ज्वारीच. तिथे तिला मायलो म्हणतात, जनावरांना घालतात, इथेनॉल करतात. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते हे मला नंतर कळलं. मी रस्त्याकडेचं एक कणीस हातात धरलं आणि चार दाणे चोळून तोंडात टाकले. नवरा म्हणाला, "मराठवाड्यातून निघून मराठवाड्यातच आलो की आपण."

तो म्हणाला ते वरवर होतं, पण दवाखान्यात बसल्यावर मला ते रोज खरं वाटायला लागलं. एमबीबीएस मी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात केलं. सरकारी कॉलेजातून बाहेर पडलं की तेव्हा एक वर्षाची बंधपत्रित सेवा असायची, नाहीतर दंड भरायचा. मी ती बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात केली. ऊसतोडीला गेलेल्या बायका हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये गावी यायच्या तेव्हा सहा महिन्यांचं दुखणं एकदम घेऊन यायच्या. कॅन्ससमध्ये माझ्या खुर्चीसमोर मांस-कारखान्यातले कामगार बसायचे. ग्वाटेमालाचे, सोमालियाचे, म्यानमारचे. मनगटं सुजलेली, खांदा वर जात नाही, आणि तेही रजा मिळाली तरच यायचे, तोवर दुखणं जुनं झालेलं असायचं. पंचाहत्तरीचा एक गव्हाचा शेतकरी छातीत दुखत असताना आधी कापणी पुरी करून मग आला. मी येण्याआधी तिथल्या डॉक्टरची खुर्ची दीड वर्ष रिकामी होती. तो शेतकरी मला म्हणाला, "तुम्ही तीन वर्षांनी जाणार ना?" मला नोटरीचं टेबल आठवलं. दोन्ही ठिकाणी मला एकच प्रश्न विचारला गेला होता, फक्त एकीकडे येण्याबद्दल आणि दुसरीकडे जाण्याबद्दल.

वेव्हरला 'जुगाड' म्हणणारे मला आवडत नाहीत ते यामुळे. एका ठिकाणी दिलेला शब्द माफ होतो तो दुसऱ्या ठिकाणी शब्द देऊन. तिथल्या माणसांना तुम्ही पाट्या टाकताय की काम करताय हे पहिल्या महिन्यात कळतं.

पण भोळेपणाने जाऊ नका. हे मला जरा लांबवून सांगायचं आहे, कारण इथे माझी फसगत झाली. करारात ४० तास होते. ड्युटीबाहेरच्या कॉलबद्दल एकच मोघम ओळ होती, "गरजेनुसार". पहिल्या वर्षी दर दोन दिवसाआड रात्रीचा कॉल आला. मी तक्रार केली तेव्हा व्यवस्थापनातल्या एका व्यक्तीने शांतपणे सांगितलं, "तुमचा व्हिसा आमच्याकडे आहे, विसरू नका." त्या रात्री मी करार पुन्हा काढला. मुदतीआधी नोकरी सोडली तर भरायच्या दंडाची रक्कम माझ्या सहा महिन्यांच्या पगाराइतकी होती आणि ती मी सही करताना वाचलेली होती, पण नोकरी सोडावीशी वाटेल हे तेव्हा मनातही आलं नव्हतं. मला सात महिने एवढंच माहीत नव्हतं की व्हिसा 'त्यांच्याकडे' नसतो. राज्याचं आरोग्य खातं तुम्ही खरंच काम करताय का याची खात्री ठरावीक काळाने करत असतं आणि तुम्हीही तिथे लिहू शकता. दवाखाना बंद पडला किंवा तशाच गंभीर कारणाने काम अशक्य झालं, तर टंचाईच्या दुसऱ्या भागात उरलेली मुदत पूर्ण करता येते. मी खात्याला लिहिलं. महिन्याभरात कॉलचं वेळापत्रक लेखी झालं. पण तो एक महिना मी झोपले नाही, कारण तीन वर्षं पुरी केली नाहीत तर दोन वर्षांची अट पुन्हा डोक्यावर येते.

म्हणून करारावर सही करण्याआधी इमिग्रेशन आणि नोकरी, दोन्ही समजणाऱ्या वकिलाला दाखवा, आणि तो वकील दवाखान्याने दिलेला नसावा. कॉलचे दिवस आकड्यात लिहून घ्या. दंडाची रक्कम वाचा. नोकरी सोडल्यावर आसपास काम करायचं नाही असं कलम असेल तर हरकत घ्या, अनेक राज्यांच्या वेव्हर नियमांत ते चालतच नाही. आणि तिथे आधी काम केलेल्या डॉक्टरला फोन करा. दवाखान्याने दिलेल्या नंबरवर नको, स्वतः शोधून.

आणखी एक, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. जे-१ वाल्याबरोबर जे-२ वर येणाऱ्या जोडीदारालाही हाच दोन वर्षांचा नियम लागतो. माझा नवरा पुण्याचा इंजिनिअर. त्याला कुणी शिष्यवृत्ती दिली नव्हती, त्याने कुठल्या स्टॅम्प पेपरवर सही केली नव्हती, तरी त्याच्या व्हिसावरही ते वाक्य होतं. मिशिगनमध्ये जे-२ च्या वर्क परमिटवर त्याला नोकरी होती. कॅन्ससला माझा एच-१बी झाला, तो एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आला आणि ते वर्क परमिट निरुपयोगी झालं. ग्रीन कार्डच्या वाटेवरचा आय-१४० हा अर्ज मंजूर होईपर्यंत एच-४ वाल्याला काम करता येत नाही. आमची त्यात सव्वादोन वर्षं गेली. तो गावच्या ग्रंथालयात मुलांना फुकट गणित शिकवायचा. संध्याकाळी मी घरी आले की पोळ्या केलेल्या असायच्या. त्याने कधी एक शब्द काढला नाही आणि त्यामुळेच मला ते जास्त लागायचं. लग्न ठरवताना पत्रिका बघता तसा हा नियमही दोघांनी बसून बघा. समोरच्याला आधी माहीत असणं हा त्याचा हक्क आहे.

परत जाण्याबद्दलही लिहायला हवं, कारण त्याबद्दल ग्रुपवर कुणी लिहीत नाही. ती दोन वर्षं भारतात काढायला वकील लागत नाही, जागांची मर्यादा नाही, खिडकी नाही. अमेरिकेतली पदव्युत्तर पात्रता आपल्याकडे मान्य आहे. माझ्याबरोबरची एक मैत्रीण क्रिटिकल केअर करून लातूरला परतली. ती म्हणाली होती, दोन वर्षं बघते. ती अजून तिथेच आहे. दुसऱ्या एकाने बरोबर दोन वर्षं मोजली, तिकिटांच्या प्रती आणि पासपोर्टचे शिक्के नीट जपले आणि नियम पूर्ण करून परत इथे आला. दोघांनाही लोकांनी विचारलं, "तिकडे जमलं नाही का?" हा प्रश्न विचारणं आपण आधी बंद करूया. परत येणारा हरलेला नसतो. सही केली होती तेच त्याने केलेलं असतं.

यंदा हे पत्र लिहायला बसले त्यालाही कारण आहे. १९ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नव्या एच-१बीचा अर्ज करणाऱ्या मालकांवर एक लाख डॉलरचा बोजा आला. काही रेसिडेन्सी कार्यक्रम पूर्वी एच-१बी द्यायचे आणि त्या मुलांना दोन वर्षांचा नियम लागत नव्हता. आता तुमच्यापैकी बहुतेकांसमोर जे-१ च उरेल असं मला वाटतं. म्हणजे त्या स्टॅम्प पेपरवर सह्या करणारे वाढणार, आणि पुढे प्रत्येक राज्याच्या त्याच तीस जागांसमोर उभे राहणारेही वाढणार. कॉनराडच्या कायद्याची मुदतही अमेरिकेच्या काँग्रेसला पुन्हा पुन्हा वाढवावी लागते. ती आपोआप चालत राहील असं धरून चालू नका.

माझं मागणं एवढंच आहे. सहीच्या आदल्या रात्री आईवडिलांना, आणि असेल तर जोडीदाराला, समोर बसवा आणि तो मजकूर मोठ्याने वाचा. इंग्रजीत असेल तर मराठीत सांगा. परत येणार असाल तर तसं सांगा. सेवेच्या मार्गाने राहायचं मनात असेल तर तेही सांगा, तीन वर्षं कुठल्यातरी लहान गावात जातील हे सांगा. ठरलेलं नसेल तर ठरलेलं नाही म्हणा. आणि ज्युनिअरने विचारलं तर "सगळेच सही करतात" असं उत्तर त्याला देऊ नका. ते उत्तर मी दिलं होतं, आणि तेही वडिलांना.

माझी तीन वर्षं २०१९ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर मी तिथेच राहिले. तो शेतकरी अजून तपासायला येतो. ग्रीन कार्डच्या रांगेत माझा नंबर अजून लागलेला नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये घरी गेले होते. बाबांनी कपाटातून माझी फाईल काढली. दहावीच्या गुणपत्रिकेपासून सगळं त्यात लावलेलं आहे आणि सगळ्यात मागे त्या कागदाची झेरॉक्स. म्हणाले, "हे तेव्हा तू मला नीट सांगितलं नव्हतंस." मी सांगितलं. अट काय होती, ती कशी माफ झाली, तीन वर्षं कुठे काढली, कोण पेशंट होते, ज्वारी कशी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तिथंही डॉक्टर नव्हताच म्हण की." मी हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि तू बाँड केलास त्या आपल्या केंद्रात आता कोण आहे?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने जाऊन बघून आलो. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या खोलीला कुलूप होतं. बाहेरच्या बाकावर नऊ बायका बसल्या होत्या. नर्सताईंनी खुर्ची आणून दिली आणि मी दुपारपर्यंत त्यांची दुखणी ऐकली.

तुमची,
पश्चिम कॅन्ससमधली एक अंबाजोगाईकर डॉक्टर